लपलेल्या चोराचा खेळ ऑनलाइन नेताना: पैसे कुठे लागतात, कुठे वाचतात

पटावरचा खेळ ऑनलाइन करून हवा आहे असं सांगितलं, की सॉफ्टवेअरवाले आधी चित्रांविषयी विचारतात. नकाशा कसा दिसेल, सोंगटी सरकताना काय होईल, रंग कोणते हवेत. लूडो किंवा सापशिडीला ते चालतं, कारण तिथे सगळ्यांना सगळं दिसत असतं. पण एक भिडू लपून हिंडतो आणि बाकीचे त्याचा माग काढतात, अशा खेळात पहिला प्रश्न वेगळाच असायला हवा. चोर कुठे आहे, हे नेमकं कोणाकोणाला ठाऊक असेल? या प्रश्नाचं सरळ उत्तर ज्याला देता येत नाही, त्याला ॲडव्हान्स देऊ नका. अशा खेळाचा खरा खर्च या एका गुपिताभोवती असतो, आणि कोटेशनमध्ये तोच बहुतेक वेळा दिसत नाही.

उदाहरणासाठी ‘स्कॉटलंड यार्ड’ घेऊ. जर्मनीच्या राव्हेन्सबुर्गर कंपनीने १९८३ मध्ये काढलेला हा खेळ. त्याच वर्षी त्याला तिथला ‘वर्षातला सर्वोत्तम खेळ’ हा मान मिळाला. आपल्याकडे फनस्कूलने तो आणला, म्हणून मराठी घरांतही तो ओळखीचा आहे. लंडनचा नकाशा, त्यावर १९९ थांबे. मिस्टर एक्स टॅक्सी, बस आणि भुयारी रेल्वेने पळतो, पाच डिटेक्टिव्ह त्याच्या मागे. प्रत्येक डिटेक्टिव्हकडे टॅक्सीची १०, बसची ८ आणि भुयारी रेल्वेची ४ तिकिटं. एक्स आपला थांबा वहीत लिहितो आणि त्यावर तिकीट ठेवतो. त्यामुळे तो कशाने गेला ते कळतं, कुठे गेला ते नाही. एकूण २४ चाली, आणि ३, ८, १३, १८, २४ या चालींना त्याला पटावर दिसावं लागतं.

कागदावरच्या या खेळात एक दुखणं आहे. एक्सने गडबडीत चुकीचा थांबा लिहिला, म्हणजे जिथे बस जातच नाही तिथे बसने गेला, तर ते डाव संपून वही उघडेपर्यंत कोणालाच कळत नाही. तासाभराचा डाव वाया जातो. ऑनलाइन खेळात मधला संगणक, म्हणजे सर्व्हर, प्रत्येक चाल तपासतो आणि चुकीची चाल घेतच नाही. शिवाय डाव संपल्यावर एक्सचा सगळा मार्ग नकाशावर उलगडून दाखवता येतो. पुण्यातला एक भाऊ आणि न्यू जर्सीतली बहीण एकाच डावात बसू शकतात, हा फायदा तर आहेच. पण पैसे मोजण्यासारखं खरं कारण मला हा पंच वाटतो.

आधी फुकटात खेळून बघा

खेळ तुमचा स्वतःचा असेल, तर एक ओळ कोड लिहून घेण्याआधी तो व्हिडिओ कॉलवर खेळा. नकाशा आणि डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिसणाऱ्या पडद्यावर, एक्स मात्र आपल्याजवळच्या कागदावर लिहीत बसतो. खर्च शून्य. निदान दहा डाव वेगवेगळ्या माणसांबरोबर व्हायला हवेत. तिकिटं कमी पडतात का, एक्स सारखाच जिंकतो का, तिसऱ्या चालीपर्यंत डिटेक्टिव्हना करायला काही उरतं का, हे इथे समजतं. पुढे सॉफ्टवेअर झाल्यावर नियम बदलला की प्रत्येक बदलाचे पैसे पडतात.

तयार व्यासपीठंही आहेत. ‘व्हॅसल’ पूर्ण मोफत आणि खुल्या कोडचं आहे, दिसायला जुनाट पण भक्कम. ‘प्लेइंगकार्ड्स डॉट आयओ’वर ब्राउझरमध्येच टेबल मांडता येतं. ‘टेबलटॉप सिम्युलेटर’ विकत घ्यावं लागतं, आणि खेळणाऱ्यांकडेही ते लागतं. ‘बोर्ड गेम अरीना’ हे फ्रेंच संकेतस्थळ २०१० पासून चालू आहे. तिथे बाहेरचे प्रोग्रॅमर पीएचपी आणि जावास्क्रिप्टमध्ये खेळ बसवू शकतात आणि सर्व्हरचा खर्च आपल्यावर येत नाही. मात्र खेळाच्या हक्कधारकाची परवानगी लागते, आणि खेळ त्यांच्या घरात राहतो. तुम्हाला नुसता खेळ लोकांपर्यंत पोचवायचा असेल आणि त्यातून धंदा काढायचा नसेल, तर मी हाच मार्ग सुचवेन. धंदा करायचा असेल तर पुढे वाचा.

नाव कोणाचं, नकाशा कोणाचा

आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ (एम) नुसार खेळ खेळण्याच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही. कॉपीराइटही कल्पनेला नसतो, ती मांडण्याच्या रीतीला असतो. म्हणजे ‘लपून पळणारा एक आणि शोधणारे पाच’ ही कल्पना कोणाच्या मालकीची नाही. पण ‘स्कॉटलंड यार्ड’ हे नाव, तो नकाशा, ती चित्रं आणि नियमपुस्तिकेतली वाक्यं तुमची नाहीत. ती उचलून ॲप काढलं तर नोटीस येऊ शकते, ॲप स्टोअरवरून उतरवलं जाऊ शकतं, आणि तोवर घातलेले सगळे पैसे बुडतात. मूळ खेळच हवा असेल तर प्रकाशकाकडून लेखी परवाना घ्या, त्यानंतरच प्रोग्रॅमरशी बोला.

त्यापेक्षा आपलं शहर घ्या. मुंबई तर अशा खेळासाठीच बांधल्यासारखी आहे: लोकल, बेस्टची बस, टॅक्सी, मेट्रो, आणि भाऊच्या धक्क्यावरची लाँच. लंडनच्या पटावर थेम्समधल्या बोटीला फक्त एक्सकडचं खास काळं तिकीट चालतं, तसं काही लाँचला करता येईल. नकाशा काढताना गूगल मॅपवरून गिरवू नका, त्यांच्या अटींत ते बसत नाही. ‘ओपन स्ट्रीट मॅप’ची माहिती श्रेय देऊन मोफत वापरता येते. चित्रकाराकडून स्वतंत्र नकाशा काढून घेण्यासाठी मी ३० ते ६० हजार रुपये बाजूला ठेवायला सांगेन. नाव नोंदवायचं तर ट्रेडमार्कची ऑनलाइन फी व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये आहे. सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९, करमणुकीच्या सेवेसाठी ४१, आणि पुढेमागे पुठ्ठ्याचा पटही विकणार असाल तर २८. वकिलाचे पैसे वेगळे.

आता आकडेमोड

‘एकूण चार लाख’ असं एका ओळीचं कोटेशन आलं तर परत पाठवा आणि दिवसांचा हिशेब मागा. माझा अंदाज असा. अनुभवी पण एकट्याने काम करणारा प्रोग्रॅमर, दिवसाचे ५,००० रुपये धरू. खेळ फक्त ब्राउझरमध्ये चालणारा, फोनवरही उघडणारा. नियम प्रश्नोत्तरांसह लिहून काढायला ४ दिवस. थांबे आणि त्यांना जोडणारे रस्ते भरून तपासायला ५. हे काम कंटाळवाणं असतं, पण एक रस्ता चुकला तर महिन्यांनी एखाद्या डावात तो उघडा पडतो. सर्व्हरवर नियम आणि गुपित सांभाळणारा गाभा १२ दिवस. खोली उघडणं, दुव्याने बोलावणं ६. नेट तुटलेला भिडू परत आणणं आणि घड्याळ १०. पडद्यावरचा नकाशा १५, कारण दीडशे-दोनशे थांबे फोनवर बोटाने अचूक निवडता येणं हे सोपं काम नाही. गप्पांची चौकट ३, खऱ्या माणसांबरोबर चाचणी आणि दुरुस्ती १०, सर्व्हरवर चढवून बॅकअपची सोय लावणं ३. बेरीज ६८ दिवस, म्हणजे ३,४०,००० रुपये. प्रोग्रॅमर जीएसटी नोंदणी असलेला असेल तर १८ टक्क्यांनी ६१,२०० वाढून ४,०१,२०० होतात. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्याला सहसा नोंदणी लागत नाही, म्हणून दोन कोटेशनं शेजारी ठेवताना दर करासह आहे की कराविना, हे विचारून घ्या.

दर दुप्पट असला तरी दिवस दुप्पट होत नाहीत, उलट अनुभवी माणूस ते कमी करतो. आणि कोणी ६८ ऐवजी २० दिवस सांगितले, तर त्याने तुटलेल्या भिडूचा विचार केलेला नाही, किंवा गुपित फोनवरच ठेवायचं ठरवलं आहे.

सॉफ्टवेअरच्या परवान्यांवर मात्र काहीच खर्च करावा लागू नये. ‘बोर्डगेम डॉट आयओ’ आणि ‘कोलिसियस’ ही दोन्ही साधनं खुल्या कोडची आहेत, आणि कोणाला काय दिसावं हे भिडूगणिक ठरवण्याची सोय दोन्हींत आहे. ‘गोडो’ हे गेम इंजिनही मोफत आहे. पण नकाशा आणि सोंगट्यांच्या खेळाला साधा ब्राउझर पुरतो, त्रिमितीच्या नादी लागू नका.

फोनचं वेगळं ॲप हवं असेल तर अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींसाठी प्रत्येकी ८ ते १० दिवस वाढवा. गूगल प्लेच्या खात्याला एकदाच २५ डॉलर, ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर. गूगलवर नव्या वैयक्तिक खात्याला आधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ते १२ जण आत्तापासून हेरून ठेवा. पहिल्या वर्षी मात्र ॲप करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. व्हॉट्सॲपवर दुवा आला, बोट लावलं आणि डाव सुरू झाला, हे ब्राउझरच देतो. सहा जणांना ॲप उतरवायला लावलं की त्यातले दोघे गळतात आणि डाव होत नाही.

संगणक भिडू हवा का? एक डिटेक्टिव्ह कमी पडला तर हवाच. साधा डिटेक्टिव्ह बसवणं फारसं महाग नाही. एक्स शेवटचा जिथे दिसला तिथून, टाकलेल्या तिकिटांप्रमाणे तो आता कुठे कुठे असू शकेल याची यादी वाढवत न्यायची, आणि डिटेक्टिव्ह उभे आहेत ते थांबे वगळायचे. सोंगटी त्या यादीच्या दिशेने न्यायची. याला १० ते १२ दिवस धरा. हुशार संगणक हा संशोधनाचा विषय आहे. मास्ट्रिख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये याच खेळावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. तिथे पैसे ओतू नका. फक्त एक अट करारात घाला: संगणक डिटेक्टिव्हला माणूस डिटेक्टिव्हला दिसतं तेवढंच दिसलं पाहिजे. आळशी प्रोग्रॅमर त्याला एक्सचा खरा थांबा वाचू देतो, आणि मग तो अडाण्याचं सोंग घेऊन लबाडी करतो.

गुपित खरंच गुपित आहे का

आता मुख्य गोष्ट. स्वस्तातली रचना अशी असते: सर्व्हर डावाची सगळी माहिती सगळ्यांना पाठवतो, आणि डिटेक्टिव्हच्या पडद्यावर एक्सची सोंगटी नुसती रंगवत नाही. पडद्यावर सगळं छान दिसतं. डेमो बघून तुम्ही खूश होता. पण चोराचा पत्ता प्रत्येक डिटेक्टिव्हच्या फोनमध्ये येऊन पडलेला असतो.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता, प्रोग्रॅमर असण्याची गरज नाही. दोन लॅपटॉप घ्या. एकावर एक्स व्हा, दुसऱ्यावर डिटेक्टिव्ह. डिटेक्टिव्हच्या लॅपटॉपवर क्रोम ब्राउझरमध्ये एफ १२ दाबा, पडद्याच्या कडेला एक खिडकी उघडेल. तिच्यात ‘नेटवर्क’ नावाचा भाग असतो. तो उघडून पान पुन्हा लोड करा आणि यादीतलं ‘वेबसॉकेट’ निवडा. सर्व्हरकडून येणारा निरोप मजकुराच्या रूपात असेल तर तिथे वाचता येतो; नसेल तर प्रोग्रॅमरला चाचणीपुरता तसा करायला सांगा. आता पहिल्या लॅपटॉपवर एक्सला, समजा, १२८ क्रमांकाच्या थांब्यावर न्या. डिटेक्टिव्हकडे निरोप येईल. तो उघडून वाचा. ‘एक्सने टॅक्सी वापरली, एकूण चाली १’ एवढंच असेल तर ठीक. त्यात कुठेही १२८ दिसला, तर बैठक तिथेच थांबवा. तिसऱ्या चालीला, एक्स दिसायचा असतो तेव्हाच, थांब्याचा आकडा प्रथम यायला हवा.

एवढ्यावर थांबू नका. गुपित मागच्या दारानेही फुटतं. एक्सला जिथे जाता येईल त्या थांब्यांची यादी चुकून सगळ्यांना गेली, की तो कुठे उभा आहे हे उघडच झालं. डिटेक्टिव्हने पान पुन्हा लोड केलं की सर्व्हर डावाचं चित्र नव्याने पाठवतो, आणि नेमक्या त्या वेळी गाळणी लावायची राहून जाते. म्हणून वरची तपासणी रिफ्रेश करूनही करा. सुरुवातीचे थांबे चिठ्ठ्या काढल्यासारखे वाटले जातात, ते काम सर्व्हरवर व्हायला हवं, कोणा एकाच्या फोनवर नाही. प्रेक्षक म्हणून बसणाऱ्याला एक्स दिसत असेल, तर डिटेक्टिव्हचा मित्र प्रेक्षक होऊन बसेल. प्रेक्षकाला डिटेक्टिव्हच्याच नजरेने दाखवा.

मूळ खेळाच्या खोक्यात एक्ससाठी पुढे झडप असलेली टोपी असते, त्याची नजर नकाशावर कुठे फिरते ते डिटेक्टिव्हना दिसू नये म्हणून. ऑनलाइन खेळात डोळे दिसत नाहीत, पण वेळ दिसते. एक्सला एकच चाल शक्य असेल तर तो दोन सेकंदांत खेळतो, आणि मुरलेला डिटेक्टिव्ह ते हेरतो. एक्सच्या चालीला ठरावीक वेळ लावा आणि ती संपल्यावरच चाल जाहीर करा. कामाच्या दृष्टीने हा एका दिवसाचा बदल आहे.

डिटेक्टिव्हच्या गप्पांचंही ठरवा. टेबलाभोवती ते मोठ्याने बेत आखतात आणि एक्स ऐकत बसतो. त्यांचा अंदाज चुकत चाललेला ऐकून चेहरा निर्विकार ठेवणं, यात एक्सची अर्धी मजा असते. ऑनलाइन गप्पा त्याच्यापासून लपवल्या तर खेळ डिटेक्टिव्हच्या बाजूला झुकतो. गप्पा सर्वांना दिसणाऱ्या ठेवाव्यात असं मला वाटतं. ते बाजूला वेगळा कॉल लावतील, हे तंत्राने रोखता येत नाही.

भिडू मधेच उठला तर

सहा जणांच्या डावात कोणाचं तरी नेट जाणारच. डावाची स्थिती प्रत्येक चालीनंतर डेटाबेसमध्ये लिहिली जाते का, ते विचारा आणि मग करून बघा. डाव रंगात असताना एक फोन विमान मोडवर टाका, दोन मिनिटांनी परत आणा. मग प्रोग्रॅमरला सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायला सांगा. दोन्ही वेळा डाव होता तिथूनच पुढे चालला पाहिजे. डिटेक्टिव्ह निघून गेला तर त्याची सोंगटी दुसऱ्या डिटेक्टिव्हकडे द्यावी. एक्सच गेला तर डाव थांबवून ठेवावा, कारण त्याची जागा दुसऱ्याला दिली की गुपित नव्या माणसाला कळतं.

दर महिन्याचा खर्च

इथे लोक विनाकारण घाबरतात. एका डावात एक्सच्या २४ आणि पाच डिटेक्टिव्हच्या, प्रत्येकी २२ तिकिटांच्या हिशेबाने, ११०, अशा फार तर १३४ चाली होतात. प्रत्येक चाल सहा जणांना कळवली तरी ८०४ छोटे निरोप, तेही तासाभरात. मुंबई किंवा बंगळूरमधला महिना ५०० ते १,५०० रुपयांचा लहान सर्व्हर अशी कित्येक टेबलं एका वेळी सांभाळतो. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’कडून मोफत मिळतं. मोठ्या क्लाउडचं महागडं पॅकेज कोणी गळ्यात मारत असेल तर हे आकडे त्याच्यापुढे ठेवा. वर्षभराच्या दुरुस्तीसाठी बांधणीच्या १५ टक्के, म्हणजे आपल्या हिशेबात सुमारे ५०,००० रुपये धरा.

लॉगिनला मोबाइलचा ओटीपी ठेवू नका. प्रत्येक संदेशाला पैसे पडतात आणि नोंदणीचा व्याप वेगळा. नाव लिहा, दुवा उघडा, खेळा, एवढं पुरतं. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती घेण्याची अट आहे. माहिती घेतलीच नाही तर सांभाळायची जबाबदारीही नाही. प्रवेश फी घेऊन जिंकणाऱ्याला पैसे द्यायचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. ऑनलाइन गेमिंगच्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे खेळ बंद केले आहेत, आणि ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. खेळायला मिळण्यासाठी एकदाच ठरावीक रक्कम किंवा वर्गणी घ्यायला मुभा आहे, मात्र ती पैजेची असता कामा नये.

कागदावर काय हवं

स्वतंत्र काम करणाऱ्याने लिहिलेला कोड पैसे दिले म्हणून आपोआप तुमचा होत नाही. हक्क तुमच्याकडे यायला लेखी हस्तांतरण लागतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. शिवाय एक वर्षात हक्क वापरला नाही तर, वेगळं लिहिलं नसल्यास, हस्तांतरण रद्द होतं. म्हणून ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी, एक वर्षाची अट लागू न होता’ हे शब्द मराठीत किंवा इंग्रजीत, पण शब्दशः घालून घ्या. चित्रकाराबरोबरही तोच करार करा. डोमेन, सर्व्हर आणि स्टोअरची खाती पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर असू द्या, प्रोग्रॅमरला फक्त वापरायची परवानगी द्या. कोड दर आठवड्याला तुमच्या खात्यात जमा होऊ द्या.

हप्ते मी असे पाडेन: सुरुवातीला २० टक्के. सर्व्हरवरचा गाभा तयार होऊन, चित्रांशिवाय नुसत्या ठिपक्यांवर एक पूर्ण डाव झाला आणि एफ १२ ची तपासणी पार पडली, की ३० टक्के. नकाशा आणि फोनवरची मांडणी झाल्यावर ३०. उरलेले २० टक्के तुमच्या ओळखीच्या सहा जणांनी, प्रोग्रॅमर समोर नसताना, आपापल्या घरून पाच डाव पुरे केल्यावर.